फिर्यादी भेटायला आला

नगरच्या रिमांड होमच्या दारात त्या रविवारी एक गंमतच झाली. भेटीला आलेल्यांची नाती विचारून पहारेकरी एकेकाला आत सोडत होता. कुणी बाप, कुणी मावशी, कुणी चुलता. शेवटी एक उंच, सावळा तरुण पुढे आला. हातात पेरूंची पिशवी आणि नखांत इंजिनाच्या ऑइलची काळी रेघ.

"कुणाला भेटायचंय?"

"गोरक्षला."

"तुम्ही कोण त्याचे?"

तरुणाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी… फिर्यादी."

मागे उभी असलेली रत्नमाला खुदकन हसली आणि लगेच तिने जीभ चावली. तरुणाने वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती शरम होती. ती बघून रत्नमालेचं हसू जागच्या जागी विरलं. पुढे होऊन तिनेच पहारेकऱ्याला सांगितलं, की यांना सोडा, मी बरोबर बसते.

रत्नमाला भिंगारची. वडील लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून, आणि ही पुण्यात समाजकार्य शिकत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला तिने विषय घेतला होता 'बालगुन्हेगारीची कारणे आणि प्रतिबंध'. विषय असा भारदस्त, पण बाई स्वतः मुलांत मांडी घालून गोट्या खेळायच्या आणि खेळता खेळता माहिती काढायच्या. तिच्या पुस्तकांतून बाप होते, संगत होती, गरिबी होती; चोराला पेरू घेऊन भेटायला येणारा फिर्यादी मात्र कुठेच नव्हता.

लिंबाखाली बसून त्याने सगळं सांगितलं. त्याचं नाव गहिनीनाथ. पुणतांब्याला स्टेशनाजवळ त्याचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. साल बहात्तरचं, विहिरींनी तळ गाठलेला, इंजिनं नुसती उभी. आईबाप नसलेला गोरक्ष आपल्या आत्याकडे, मुक्ताबाईकडे वाढत होता. ती विधवा बाई सकाळपासून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि पोरगं दिवसभर दुकानाभोवती घुटमळायचं. एक दिवस दुकानातलं पितळी सामान भंगारवाल्याकडे पोचलं. गहिनीनाथचं डोकं फिरलं. तो तडक हवालदाराला सांगून आला, की दोन थोबाडीत द्या, दम भरा आणि सोडून द्या.

गावाकडे असंच चालतं, निदान त्याची तशी समजूत होती. पण या वेळी कायद्याने सगळं रीतसर केलं. मुक्ताबाईच्या घराची झडती झाली, अख्ख्या आळीदेखत उतरंड उतरवली गेली आणि पोरगं नगरला आलं. गहिनीनाथ फिर्याद मागे घ्यायला गेला, तर प्रकरण आता कोर्टाच्या हातात आहे असं उत्तर मिळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"तुमच्या त्या कारनांत माझं बी नाव घाला," तो म्हणाला. "गरिबी, वाईट संगत, न् गहिनीनाथ मिस्त्री."

"नुसतं नाव घालून चालत नाही. सविस्तर माहिती घ्यावी लागते," रत्नमाला म्हणाली. "पुढच्या रविवारी याल?"

प्रबंधासाठी हे गरजेचं आहे, दुसरं काही नाही, असं तिने स्वतःला बजावलं. बजावावं लागलं, यातच काय ते आलं.

तो पुढच्या रविवारी आला आणि त्याच्याही पुढच्या. गोरक्ष पहिल्यांदा त्याच्याकडे पाठ करून पेरू खायचा, मग हळूहळू तोंड करून खाऊ लागला. गहिनीनाथच्या नखांतली काळी रेघ दिसेनाशी झाली. दगडाने घासघासून बोटं लाल झालेली असायची. रत्नमालेला ते दिसायचं आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघायची. सगळं रिमांड होम तिला ताई म्हणायचं. हा गडी चुकूनसुद्धा तो शब्द तोंडातून काढत नव्हता.

"मला ताई का नाही म्हणत तुम्ही?" तिने एकदा खवचटपणे विचारलं.

"मला बहिनी हायती," तो खाली बघत म्हणाला. "दोन. पुरं झाल्या."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतकी खूश ती कधीच झाली नव्हती, आणि इतकी घाबरलीही नव्हती.

मग सुनावणी आली. बाल न्यायालय रिमांड होमच्याच एका खोलीत भरायचं. मुक्ताबाईने पोराला घरात घेणार नाही असं साफ कळवलं होतं. गहिनीनाथने स्वतः उभं राहून गोरक्षचा ताबा मागितला. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते, वाईट नव्हते. घरात कोण कोण आहे, एवढंच त्यांनी विचारलं. आईवडील वारलेले, बहिणी सासरी. घरात हा एकटा. अशा घरात दहा-बारा वर्षांचं पोर देता येणार नाही, कुणी बाईमाणूस हवं, असं म्हणून त्यांनी आठवड्याची मुदत दिली. सोय झाली तर ठीक. नाहीतर गोरक्ष दूरच्या सर्टिफाइड स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी सुधारशाळेत जाणार होता, अठरा वर्षांचा होईपर्यंत.

"आठवडा आहे, लग्न उरकून टाका," बाहेर येताना कारकून हसत म्हणाला. तो हसला, पण हे दोघं एकमेकांकडे बघू शकले नाहीत.

एसटी स्टँडपर्यंत ती त्याच्याबरोबर चालत गेली. ऊन कडक होतं. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. दोघांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती दोघांनाही ठाऊक होती.

"मला एक बोलायचं हुतं," तो थांबून म्हणाला. "लई दिवसांचं हाय. पन आज न्हाई बोलनार."

"का?"

"आज बोललो तर तुमी त्या पोरासाठी हो म्हनाल. मग जलमभर मला कळायचं न्हाई… माझ्यासाठी म्हनला का त्याच्यासाठी."

"आणि मीच म्हणाले तर?"

"तरी नगं. आठवडाभर तरी नगं." बस लागली होती. तो चढला आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही.

रत्नमालेला त्याचा भयंकर राग आला. पोरगं चाललंय आणि याला शुद्ध सोनं पाहिजे. घरी जाऊन ती आईवर चिडली, जेवली नाही. पण रात्रभर कूस बदलून सकाळी तिच्या ध्यानात आलं, की त्याचं खरं आहे. तिलासुद्धा जन्मभर कळलं नसतं. हे प्रेम आहे हे तिला आता पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच ते असं कोर्टाच्या तारखेला जुंपायचं नव्हतं. मग पोराला वाचवायला दुसरं माणूस हवं, आणि असं माणूस जगात एकच होतं.

तिने पुणतांब्याची गाडी पकडली. मुक्ताबाई खडीच्या ढिगाशी बसलेली होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिने वर पाहिलंच नाही.

"माझी उतरंड साऱ्या आळीनं पाह्यली," ती म्हणाली. "कुन्या मडक्यात किती हाय, ते समद्यांला कळलं. त्या मिस्त्र्यानं पोलीस आनले. पोराला कशाला, त्यालाच धा शिव्या घालायच्या हायत मला."

रत्नमालेने तिच्या ढिगातला एक दगड बाजूला सरकवला आणि शेजारी बसली. "मग घाला की. सोमवारी नगरला या. तो तिथे असणार आहे. माझ्यासमोर घाला, साहेबांसमोर घाला. कुणी अडवणार नाही."

मुक्ताबाईने पहिल्यांदा हातोडी थांबवली, पण येते म्हणाली नाही.

सोमवारी पॅसेंजर लेट होती. गोरक्षचं नाव पुकारलं गेलं. गहिनीनाथ उभा राहिला. सोय झाली नाही, असं त्याने खरं तेच सांगितलं. गोरक्ष त्याच्या शर्टाच्या टोकाकडे बघत होता. मॅजिस्ट्रेटांनी पेन उचललं. रत्नमालेने एक वाक्य बोललं की संपलं… साहेब, यांच्या घरात बाईमाणूस येणार आहे. वाक्य ओठांवर आलं. गहिनीनाथने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. पोराचा चेहरा बघून तिचे डोळे भरले. ती उठलीच…

आणि दार ढकलून मुक्ताबाई आत आली. धापा टाकत होती, पदर खांद्यावरून घसरलेला. इकडे तिकडे न बघता ती सरळ गहिनीनाथसमोर जाऊन उभी राहिली.

"मुडद्या, पोरगं चुकलं तर मला सांगायचं हुतं. मी काय मेले हुते? पोलिसाला कशाला सांगितलंस?"

भर कोर्टात खाली वाकून त्याने तिच्या पायांना हात लावला. मॅजिस्ट्रेट चष्मा काढून पुसत बसले. शिव्या आणखीही होत्या, पण त्या बोलता बोलता मुक्ताबाईच रडू लागली. मग पदराने तोंड पुसून तिने साहेबांना सांगितलं, "रातीचं निजंल माझ्याकडं, जेवंल माझ्याकडं. दिवसा मी कामावर असते. शाळा सुटली की ह्यानं सांभाळायचं. त्यानंच घालवलं, त्यानंच राखावं."

प्रोबेशन ऑफिसरने देखरेख ठेवावी, असा हुकूम होऊन गोरक्ष सुटला. आत्याने बाहेर येताच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला असं कवटाळलं, की पोरगं गुदमरायची वेळ आली.

लिंबाखाली रत्नमाला आणि गहिनीनाथ दोघंच उरले.

"आता पोराचं काही अडलेलं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी बोलणार नव्हता, ते बोला."

आठवडाभर नको नको म्हणणारा गहिनीनाथ आता घामाघूम झाला. शेवटी कसंबसं म्हणाला, "माझ्याशी लगीन… कराल का?"

"विचार करून सांगते," ती गंभीरपणे म्हणाली. "आता मी नाही म्हटलं, तरी कुणाचं काही बिघडत नाही."

त्याचा चेहरा उतरला. इतका वेळ खाली असलेली नजर त्याने वर केली.

"माझं बिघडंल," तो हळूच म्हणाला.

"मग हो," रत्नमाला म्हणाली.

फाटकातून मुक्ताबाईची हाक आली, "मिस्त्री, गाडी चुकंल, या की लवकर." दोघांपैकी कुणीच जागचं हललं नाही.