आठशे ऐंशीवर थांबलेला मिक्सर

सकाळी दहाला पॅकिंगच्या हॉलमधून कुणीतरी ओरडलं, "अहो, मिक्सर फुकट वाटताय का?"

तेहेतीसशेचा मिक्सर दुकानाच्या साइटवर आठशे ऐंशीला लागला होता. तीनशे ऑर्डरी पडल्या होत्या.

मालकांनी दरपत्रक सांभाळणाऱ्या बाईंना सगळ्यांदेखत झापलं. "दर तुम्ही लावता. राजीनामा द्या!"

"मी लावते, म्हणूनच देणार नाही," बाई म्हणाल्या. "तासभर थांबा. तोवर एकही मिक्सर बाहेर सोडू नका."

"चोराच्या उलट्या बोंबा," खरेदी पाहणारे मालकांचे मेहुणे पुटपुटले.

बाईंनी दरांची नोंद उघडली. सहापासून दर दहा मिनिटांनी शंभर-सव्वाशे कमी. आठशे ऐंशीला उतरण थांबलेली. त्यांनी मेहुण्यांना गाठलं.

"मिक्सर आपल्याला कितीला पडतो?"

"सत्तावीसशे."

"तो आकडा बदलला होता?"

"वर्षभर नाही."

"भरतं कोण?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

बाईंनी मालक आणि मेहुणे दोघांना केबिनमध्ये बसवलं.

"माझा हात चुकला असता तर दर एकदम पडला असता. हा पायरीपायरीने उतरला. आपली सिस्टीम नेटवरचं सर्वात स्वस्त दुकान बघते आणि त्याच्या दहा रुपये खाली जाते. काल नेटवर एक नवं दुकान उघडलं. तिथे मिक्सर स्वस्त होत गेला; घ्यायला गेलं की 'माल संपला'. ते दुकान आपला दर पाडण्यापुरतंच होतं."

"मग आठशे ऐंशीलाच का थांबला?" मालकांनी विचारलं.

"खरेदीवर दहा टक्के, त्याखाली सिस्टीम जात नाही. म्हणजे खरेदी आठशे! काल संध्याकाळी ती आठशे झाली. आज साडेदहाला गुपचूप पुन्हा सत्तावीसशे."

मेहुणे हसले. "टायपिंगची चूक. माणूसच आहे मी."

"चूक सापडली तर माणूस सांगतो. तुम्ही 'वर्षभर नाही' म्हणालात. मालक, दोनशे ऐंशी मिक्सर एकाच गाळ्यावर मागवलेत. हा तिथला नंबर. तुम्हीच लावा."

मालकांनी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि "हॅलो" म्हणाले.

"भावोजी, तुम्ही?" मेहुण्यांच्या बायकोचा आवाज आला. "मला वाटलं, मालाची गाडी आली."

मालकांनी फोन बंद केला. मग हळूच म्हणाले, "बाई, घरातली गोष्ट आहे. तुमची नोकरी पक्की. हे इथेच राहू दे."

"मला हॉलमध्ये दोषी ठरवलंत. यांचं नावही हॉलमध्येच घ्यायचं."

"नाही घेतलं तर?"

"मी घेईन. माझा आवाज मोठा आहे."

बाईंनी दार उघडलं आणि मालकांना पुढे जायला वाट दिली.