सिंकवरची खिडकी

"आई, मरताना माणसं शेवटचं काय मागतात?"

हा प्रश्न माझा नव्हता. शाळेच्या कॅन्टीनमध्ये राजम्याच्या तिखट चिलीत दालचिनीचा रोल बुडवत वर्गातली टेगन म्हणाली होती, "तुझी आई नर्स ना? मग विचार की तिला. नाही विचारणार तू. फाटते तुझी." ब्रिनने तर पैजच लावली. चार वर्षांत नऊ शाळा बदललेली, प्रत्येक शाळेत मागच्या बाकावर गप्प बसलेली मी, हार्लो गावच्या शाळेत पहिल्यांदाच कोणीतरी झाले होते. गायनवृंदात एक अख्खं कडवं मी एकटी गाणार होते. आता 'फाटते' म्हणणाऱ्याला मी सोडत नव्हते.

आई बुटांच्या नाड्या सोडत होती. वर न बघता म्हणाली, "पाणी मागतात. मग खिडकी उघडा म्हणतात."

"मग तू उघडतेस?"

"जुन्या हॉस्पिटलांत उघडायचो. माणूस गेला की नर्सने खिडकी उघडायची, अशी आमच्यात रीतच आहे. इथल्या काचा पक्क्या बसवलेल्या, उघडतच नाहीत." ती थांबली. "मग मी त्यांना सांगते, माझ्या घरची उघडते. चला."

मी हसले. आई हसली नाही.

आई जिथे नर्स कमी पडतात तिथे तेरा आठवडे जाते. तेरा संपले की बाबा ट्रेलर ट्रकला जोडतात आणि आमचं चाकांवरचं घर पुढच्या गावी निघतं. बाबा जाऊ तिथे लोकांचे हीटर दुरुस्त करतात. मागच्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी आई दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीतच रडत बसली होती, का ते तिलाच सांगता येईना. तेव्हा बाबांनी फ्रिजवर कागद लावला: सलग तीन दिवसांपेक्षा जास्त ड्युटी नाही. जेवताना फोन नाही. हॉस्पिटलचे बूट दाराबाहेर. खाली आईने सही केली होती.

बूट तेवढे बाहेर राहायचे.

खिडकीच्या त्या उत्तरानंतर मी आईकडे नीट बघायला लागले. ती रात्री आठला यायची. कोट न काढता सिंककडे जायची, हँडल फिरवून छोटी खिडकी उघडायची, दोन मिनिटं थांबायची, बंद करायची. मला इतकी वर्षं वाटायचं, घर कोंदलंय म्हणून. फेब्रुवारी होता. खिडकी उत्तरेला, वारा सरळ तोंडावर येणारा. पण सिंकवरचा कोंबड्यांच्या चित्रांचा पडदा आत फुगत नव्हता. एकदाच, हलकेच, बाहेर ओढला जायचा. आत आलेलं पाखरू बाहेर जावं तसा. कधी दोनदा. कधी नाहीच.

"किती जण आज?" मी एकदा गमतीने विचारलं.

"एकच," आई म्हणाली. "हेन्रिकसन आजोबा."

मग थंडी फार वाढली. गावात तापाची साथ आली. वारा अडावा म्हणून बाबांनी सगळ्या खिडक्यांवर प्लास्टिक ताणून चिकटवलं, हेअर ड्रायर फिरवून ढोलासारखं घट्ट केलं. आई आली, सिंकपाशी गेली, प्लास्टिकवर तळहात ठेवून उभी राहिली.

"एल्डन, ही एवढी सोड ना."

"मार्गो, गॅसचा सिलिंडर चार दिवस पुरत नाहीये. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. सोळा तारखेला तर आपण मोंटानाला निघतोय."

"बरं," आई म्हणाली. तिला हॉस्पिटलला नाही म्हणता येत नव्हतं. तसंच तिला बाबांनाही म्हणता आलं नाही.

पहिल्या आठवड्यात मला फक्त वास आला. हात धुवायच्या जेलचा, पेपरमिंटच्या गोळ्यांचा. आमच्याकडे पेपरमिंट कोणी खात नाही.

दुसऱ्या आठवड्यात शाळेतून आले तेव्हा घरी कोणी नव्हतं, आणि सगळ्या खिडक्यांच्या प्लास्टिकवर आतून वाफ धरली होती.

बाबा दर रविवारी बुडबुड्याची लेव्हल लावून ट्रेलर सरळ आहे का बघतात. त्या रविवारी बुडबुडा मध्ये थांबेना. सोफ्याच्या बाजूने घर खाली बसलं होतं. त्यांनी खाली फळी सरकवली. बुधवारी अजून एक.

"जमीन भुसभुशीत झाली असेल," ते म्हणाले. जमीन दगडासारखी गोठलेली होती.

आई जेवताना मध्येच उठायला लागली. "आले, आले," म्हणायची, दोन पावलं जायची आणि रिकाम्या सोफ्यासमोर उभी राहायची. एकदा मी तिथे बसायला गेले तर तिने माझा दंड धरला.

"तिथे नको, रोमी. डूडा आजींना पाय लांब करायला लागतात."

ती सलग आठव्या दिवशी कामावर जाऊन आली होती.

"आई, गुरुवारी माझं गाणं आहे. तू सुट्टी घेणार आहेस. फ्रिजवर लिही."

तिने लिहिलं. गुरुवारी चार वाजता फोन वाजला. "हो, येते," असं ती म्हणताना मी ऐकलं.

मी गायले. छान गायले, टेगन तर उभी राहिली. बाबांनी शेजारच्या खुर्चीवर आपला कोट ठेवून जागा धरली होती. सगळं गाणं मी त्या कोटाकडे बघत म्हटलं.

आम्ही परत आलो तेव्हा आई टेबलापाशी बसली होती. बूट पायातच.

"रोमी, एका पेशंटला कोणीच नव्हतं गं," ती म्हणाली.

"मला होतं का?"

बाबा म्हणाले, "रोमी, पुरे."

"पुरे नाही. तू त्यांना सांग, ड्युटी संपली. एकदा तरी सांग. त्यांना इथे आणायचं बंद कर."

"मला नाही सांगता येत," आई म्हणाली. लहान मुलीसारखी म्हणाली.

मग मी सांगेन, असं मला वाटलं. मी सिंकपाशी गेले. नखांनी प्लास्टिक टरकावलं. हँडल फिरवलं.

वारा तोंडावर आला.

पडदा बाहेर ओढला गेला.

"डूडा आजी," आई पुटपुटली.

पुन्हा.

"मिस्टर कोलार."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. प्रत्येक वेळी ती नाव घेत होती, प्रत्येक वेळी तिचे खांदे थोडे खाली येत होते. सोफ्याची उशी फुगून वर आली. घर पायाखाली करकरत सरळ होत होतं.

सातव्याला ती म्हणाली, "बस. झाले सगळे."

मी हँडलला हात घातला.

पडदा आठव्यांदा बाहेर गेला.

आईने नाव घेतलं नाही.

टेबलावर तिचा फोन वाजला. तिने बघितलंसुद्धा नाही. हात मांडीवर, चेहरा शांत. बाबांनी हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास, मार्गो. वाजू दे."

मला हेच हवं होतं. अगदी हेच.

"आई?"

तिने माझ्याकडे बघितलं. पेशंटच्या घरच्यांसाठी ती राखून ठेवते ते हसू तिच्या चेहऱ्यावर होतं.

"बसा ना," ती म्हणाली. "तुम्ही पेशंटच्या कोण?"

बाबांचा हात तिच्या खांद्यावरच राहिला.

मी खिडकी बंद केली नाही. खुर्ची ओढून सिंकपाशी बसले, टोपी घातली, आणि दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, "माझं ठरलंय. ही खिडकी आता कोणी लावायची नाही. आणि सोळा तारखेला आपण कुठेही जाणार नाही. हे घर इथून एक फूटसुद्धा हलवायचं नाही, बाबा. बाहेर गेलेल्या आईला परत यायचं असलं, तर जागा सापडली पाहिजे."