डिसेंबरातली भूमिका

ऑडिशनला आलेल्या माणसाने आधी नाव सांगायचं, मग वय, मग उंची. डावी बाजू, उजवी बाजू, आणि शेवटी दोन्ही हात उलटे-सुलटे करून कॅमेऱ्याला दाखवायचे. अभिनय त्यानंतर. रीत जुनीच होती. पूर्वी हे सगळं माणसं बघत, आता यंत्र बघे. आणि अभिनय सुरू व्हायच्या आतच त्याचं बघून झालेलं असे.

विश्वंभर इंगवल्यांना हे ठाऊक नव्हतं. कोल्हापुरात मोजणी खात्यात छत्तीस वर्षं शेतांच्या हद्दी काढून ते निवृत्त झाले आणि सदुसष्टाव्या वर्षी त्यांना नट व्हावंसं वाटलं. उतारवयात माणसाला काय वाटेल याचा नेम नाही. पहिल्याच ऑडिशनला भूमिका मिळाली: कचेरीच्या बाकावरचा म्हातारा, वाक्य एक. मग देवळातला पुजारी, मग बँकेच्या रांगेतला पेन्शनर. दीड महिन्यात पाच झाल्या. त्यांची बायको शालन शेजारणींना सांगू लागली, की ह्यांच्यात ते पहिल्यापासूनच होतं, खात्याने वाया घालवलं. इंगवल्यांनाही ते पटलं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला वय आड येत नाही.

अधूनमधून नकारही येत. गणपतीच्या आधी एका सकाळी त्यांनी सहज म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर शूटिंगच्या तारखा मांडल्या, होकाराच्या निळ्या पेनाने आणि नकाराच्या लाल. मोजणीच्या माणसाला हद्द चटकन दिसते. शूटिंग दसऱ्याच्या आत असेल तिथे होकार होता, दसऱ्यानंतर असेल तिथे नकार. एकही तारीख हद्द ओलांडत नव्हती. त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि गुंडाळलं.

विचारत विचारत ते डॉ. मृदुला कारखानीस यांच्यापर्यंत पोचले. ऑडिशनचं यंत्र त्यांनीच बनवलं होतं. यंत्र काय मोजतं ते नटांना सांगायचं नाही असा करार होता, पण समोरचा माणूस कॅलेंडरच घेऊन आला होता.

"मेलेल्या माणसाचा चेहरा संगणकावर बनवायला कायद्याने बंदी आली, काका," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून नट मध्येच वारला तर सगळं चित्रण पुन्हा करावं लागतं. म्हणून निर्मात्यांना टिकावांक हवा असतो. माणूस अजून किती दिवस टिकेल, त्याचा आकडा."

"तळहात बघून? मग कुडमुड्या जोशी काय वाईट होता?"

"तळहाताच्या रेषा नाही बघत. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्त कातडीखाली येतं, रंग किंचित बदलतो. आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. शिवाय पापण्यांची थरथर आहे, बोलताना लागणारा दम आहे. अशी लाखो माणसं यंत्राने पाहिली, आणि ती पुढे किती जगली तेही त्याला सांगितलं. त्यावरून ते शिकलं."

"मला काय झालंय?"

"ते त्याला कळत नाही. मलाही नाही. फक्त आकडा येतो."

"सगळ्या तपासण्या केल्या मी. डॉक्टर म्हणतोय, ठणठणीत आहे."

कारखानीसबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. इंगवल्यांनी कॅलेंडरची गुंडाळी गुडघ्यावर घट्ट धरली.

"चुकतं का कधी?"

"दहात एकदा चुकतं. आणि दर ऑडिशनला ते नव्याने मोजतं. आकडा बदलूही शकतो."

घरी येऊन त्यांनी शालनला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. ती आधी यंत्राला, मग बाईंना आणि मग सिनेमाच्या अख्ख्या धंद्याला शिव्या देत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "डिसेंबरातलं काम मागा. मिळालं तर आकडा खोटा. मी येतो संगं."

हेरवाडकर नावाच्या दिग्दर्शकाचा सिनेमा डिसेंबरात सुरू होणार होता. भूमिका इस्पितळातल्या म्हाताऱ्याची, वाक्य एकच: "मला घरी कधी सोडणार?" शालन बाहेर पायरीवर बसली. इंगवल्यांनी नाव, वय, उंची सांगितली, डावी-उजवी बाजू दाखवली. मग दोन्ही हात पुढे केले. दम लागलेला दिसू नये म्हणून त्यांनी श्वास रोखला, जणू यंत्राला फसवता येईल. मग ते वाक्य म्हणाले. म्हणताना त्यांना इतकी भीती वाटली, की शेवटचा शब्द ओठांतच राहिला.

हेरवाडकरने समोरच्या पडद्यावर काहीतरी वाचलं, पुन्हा वाचलं. मग तो उठून जवळ आला. त्याचे डोळे ओले होते.

"काका, असं काम मी वीस वर्षांत बघितलं नाही. भूमिका तुमचीच."

इंगवल्यांनी खुर्चीची पाठ धरली. "डिसेंबरातली?"

"भूमिका तीच. पण आपण डिसेंबरची वाट नको बघायला. तुमचा सीन परवाच करून टाकू."

"परवा का?"

हेरवाडकर आपल्या बुटांकडे बघू लागला. "हा मूड जायच्या आत," तो म्हणाला. "पुन्हा मिळणार नाही असा."

इंगवले बाहेर आले. शालन पायरीवरून उठली.

"मिळालं?"

ते तिच्याकडे बघत राहिले. "मिळालं," ते म्हणाले.

ती मटकन खाली बसली, पदराने तोंड झाकून रडली, आणि रडता रडताच तिने बहिणीला फोन लावला. "व्हय गं, डिसेंबरातलंच. खोटं निघालं यंत्र. आता कसलं भ्या न्हाई."

इंगवले शेजारी उभे राहून हसत होते. एवढा अभिनय त्यांना आता येत होता.