न वाचता केलेली सही

श्रावणातली सर सांगून थोडीच येते! मिरजोळ्याच्या नाक्यावर ऋजुता धावत टपरीच्या पत्र्याखाली शिरली, ओढणी पिळली, आणि शेजारच्या उंच मुलाचं फोनवरचं बोलणं ऐकून तिने कान टवकारले.

"अरे, तो आर. दामले! सातव्यांदा पाठवलाय कोड. कोणीतरी रिटायर्ड काका असणार, हट्टी. नाही, लिहितो बरा… पण मी परत पाठवला. चौदा चुका होत्या."

"तेरा," ऋजुता म्हणाली.

तो वळला. "अं?"

"तेरा चुका. नववी चूक तुमची, माझी नाही. आणि मी काका नाही."

बिचारा! हातातला अर्धा चहा त्याच्या पँटवर गेला.

हा शौनक बापट. पुण्याचा. आत्याचा पाय मोडला म्हणून तिच्या सोबतीला जवळच्या नाचणे गावात येऊन राहिलेला. नोकरी घरबसल्या, आणि जीव मात्र एका फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. ह्या सिस्टिमला मालक नाही. जगातल्या कोणीही कोड लिहून पाठवावा. पण प्रत्येक भागाला एक राखणदार असतो, मेंटेनर म्हणतात त्याला. त्याने ओळ न् ओळ वाचायची, चुका सगळ्यांना दिसतील अशा पत्रात सांगायच्या, आणि पटलं तरच खाली 'तपासलं' म्हणून आपलं नाव घालायचं. त्या एका नावावर विसंबून पुढचे लोक तो कोड आत घेतात. सेन्सरच्या भागाचा राखणदार शौनक.

ऋजुता मिरजोळ्यातल्या आमरसाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. तिथल्या थंड खोलीतलं तापमान मोजणारा सेन्सर ह्या सिस्टिमला ओळखता येत नव्हता, म्हणून तिने स्वतःच त्याचा कोड लिहायला घेतला. कारखान्यात कोणाला त्याचं काय? "प्रिंटर अडकलाय, बघ गो!" एवढीच तिची किंमत. घरी बाबा म्हणायचे, "आंब्याच्या कलमांकडे बघितलं असतंस तर बरं झालं असतं." तिचं काही शेवटपर्यंत वाचणारा जगात एकच माणूस होता, आणि तो हा तिरसट! खरं सांगू? प्रेमात ती त्या सात पत्रांतच पडली होती. टपरीवर फक्त चेहरा कळला.

मग भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातले रविवार सुरू झाले. आत्याचा पाय बरा झाला, तरी शौनक काही पुण्याला गेला नाही.

"आठवा कोड कधी पाठवणार?"

"सगळा नव्याने लिहित्ये. घाई आहे का तुला?"

"तुझ्या चुकांची सवय लागलीय…"

"मग दोन मुद्दाम ठेवीन — खास तुझ्यासाठी."

तिच्या डोळ्यांवर आलेली बट मागे सारायला त्याने हात उचलला… आणि मुकाट्याने खिशात घातला. ती घरी जाईपर्यंत एकटीच हसत होती.

मे महिन्यात कारखाना दोन पाळ्यांत धावत होता. त्या धबडग्यात तिने कोड पुरा केला आणि एका रविवारी दुपारी पाठवला. सोमवारी सकाळी खाली ओळ आली: तपासलं — शौनक बापट. कोड आत गेला! बाबांनी आळीभर पेढे वाटलेनी. "पोरीचं काहीतरी जगभर लागलं," म्हणत सुटले.

तीन दिवसांनी तिने कौतुकाने तो कोड कारखान्यातल्या दीपालीला उघडून दाखवला.

"अय्या, मराठीत पण लिहितात?" दीपाली हसली.

सगळ्या इंग्रजी ओळींच्या मधोमध एक देवनागरी ओळ होती: 'इथे गडबड आहे. आंबा संपला की बघू.' स्वतःसाठी केलेली खूण. काढायची राहून गेलेली. ऋजुताने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. ज्याने फाईल नुसती उघडली असती, त्यालाही ती दिसली असती.

संध्याकाळी तिने सरळ विचारलं, "शौनक, वाचलास का रे माझा कोड?"

तो लाजला. हो, लाजला!

"तुझं नाव दिसलं… आणि वाचवेचना गं. तुझ्यात काय चुका काढायच्या? प्रेम आहे माझं तुझ्यावर, ऋजुता."

नऊ महिने ज्या वाक्यासाठी ती झुरली होती, ते हे असं आलं.

"सात वेळा वाचलास, तेव्हा कोण होते मी?"

"तेव्हा… कोणीच नव्हतीस."

"मग तेव्हाच बरी होते."

"अगं, एक ओळ तर आहे! गुपचूप काढून टाकू —"

"ओळ जाईल. गडबड तिथेच राहील. आणि खाली तुझं नाव आहे."

"तू हे जाहीर लिहिलंस तर मला काढतील. सहा वर्षं दिलीत मी…"

"माहित्ये."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: 'हा कोड न वाचता घेतला गेला आहे. बाहेर काढावा. — ऋजुता दामले.' पूर्ण नाव तिने पहिल्यांदाच घातलं. लिहिताना ती ढसाढसा रडली.

शौनकने एका ओळीत कबूल केलं आणि राखणदारी सोडली. कोड बाहेर आला. पुण्याला जाताना तो तिला भेटलाही नाही. तिने दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही.

आषाढात तिने नववा पाठवला. नव्या राखणदाराच्या उत्तराआधीच एक पत्र आलं. वाचायला तर कोणालाही मुभा असते ना! शौनक बापटचं पत्र. ना 'प्रिय', ना 'कशी आहेस'. नुसत्या अकरा चुका. त्यातली दहावी तर अशी, की दोन-तीन दिवस त्या कोडपाशी बसल्याशिवाय कोणाला सापडलीच नसती.

आता वाचलान! सगळा वाचलान… आता, जेव्हा ती पुन्हा कोणीच नव्हती.

तिने अकराच्या अकरा चुका दुरुस्त केल्या. चूक दाखवणाऱ्याचं नाव खाली द्यायची तिथे रीत आहे. तिने दिलं. ऋजुता दामले, आणि त्याच्याखाली शौनक बापट. लग्नपत्रिकेत नाही आली ती दोन नावं इथे एकाखाली एक आली… मेल्या नशिबाने एवढंच दिलंन.