हवेतली कात्री

नवख्या माणसाला पहिला खेळ कुठला द्यावा, हे धाकटीला विचारावं. व्हिडिओ गेमच्या त्या दुकानात मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि गिऱ्हाईक दारात नुसतं घुटमळलं तरी तिच्याकडे बोट दाखवत. त्यातही अंतराळ, यंत्रमानव, परग्रह असल्या साहसी खेळांचं कपाट म्हणजे तिचं राज्य. तिचे नियम ठरलेले होते. पहिला खेळ घाई करणारा नको. पहिल्याच खोलीत मारून टाकणारा तर मुळीच नको. आणि वापरलेला खेळ द्यायचा झाला, तर आधीच्या माणसाचा डिस्कवर साठून राहिलेला अर्धवट डाव पुसून द्यायचा; नवख्यानं स्वतःच्या पायानं सुरुवात करावी. तिनं सुचवलेला खेळ कुणी नाक मुरडून परत आणलाय, असं कधी झालं नव्हतं. याचा तिला गर्व होता, खोटं कशाला बोला.

आणि घरी तिची आई खिडकीशी बसून असायची, उजवा हात मांडीवर ठेवून. ठेवून म्हणजे डाव्या हातानं उचलून ठेवून.

घराच्या तळमजल्यावर आईचं सलून. उभी हयात तिनं लोकांचे केस कापले. तिची एक सवय होती. कात्री हातात घेतली की डोक्याला लावण्याआधी ती हवेत दोनदा चालवायची. टिक-टिक. त्या आवाजासरशी खुर्चीतलं माणूस आपोआप मान सरळ करायचं. धाकटी वरच्या मजल्यावर अभ्यास करताना त्या आवाजावरून ओळखायची, की आईनं नवं डोकं धरलं.

मग हिवाळ्यात आईला झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय शाबूत राहिले, उजवा हात तेवढा गेला. सलूनला कुलूप लागलं. व्यायाम करून घ्यायला एक बाई येत, त्या म्हणाल्या, "काकू, हात मेलेला नाही. त्याला काम द्या, नाहीतर तो कायमचा विसरेल."

"रबरी चेंडू दाबणं हे काय काम झालं?" आई म्हणाली, आणि तो चेंडू तिनं खिडकीतून रस्त्यावर भिरकावला. डाव्या हातानं.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला सलूनची जागा हवी होती. पहिल्यांदा आला तेव्हा आईनं त्याला दारातूनच पिटाळलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा ती म्हणाली, "बघू." तो एक शब्द धाकटीनं ऐकला. सलून गेलं तर हात गेलाच, आणि हात गेला तर आई गेली, हे तिला आरशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातलं एक जुनं गेमचं यंत्र काखोटीला मारून घरी आली.

"मला? खेळ?" आई म्हणाली. "म्हातारपणी हेच बाकी राहिलं होतं."

"एक खेळून बघ. नाही आवडला तर परत नेते."

पहिला दिला तो एका लाल ग्रहावर बाग लावणाऱ्या यंत्रमानवाचा. गोड खेळ, लहान मुलंसुद्धा खेळतात. आईनं थोडा वेळ पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "याच्या डोक्यावर एक केस नाही. याच्याशी मी काय बोलू?" दुसरा चंद्रावरच्या वस्तीतल्या खुनाचा तपास करायचा. तो दुपारपर्यंतही टिकला नाही. "किती बोलतात मेले! आणि कामाचं एक नाही." दोन खेळ लागोपाठ परत आलेले पाहून मालकाला तर उकळ्याच फुटल्या. "काय गं, जगाला शहाणपण शिकवतेस आणि घरचं गिऱ्हाईक पटेना?"

धाकटी चिडली. चिडली म्हणूनच तिच्या हातून चूक झाली. वापरलेल्या खेळांच्या ढिगातून तिनं एक डिस्क उचलली, पिशवीत टाकली आणि तडक घरी निघाली. जुना डाव पुसायचं राहिलं.

खेळ मात्र तिनं अचूक हेरला होता. तिनं स्वतः तो इतक्यांदा संपवला होता, की डोळे मिटून खेळली असती. एक बंद पडलेला अंतराळतळ, त्यावर अडकलेली एकटी दुरुस्तीवाली बाई. कुणी मागे लागत नाही, कुणी मारत नाही. नको त्या तारा कापायच्या, हव्या त्या जोडायच्या, एकेका खोलीत दिवा लावत पुढे जायचं आणि शेवटी परतीच्या यानात बसून दार ओढून घ्यायचं. ती बाई कधी दिसत नाही. दिसतं ते तिच्या डोळ्यांना दिसणारं सगळं, आणि समोर तिचा उजवा हात, राखाडी हातमोज्यातला, त्यात तारा कापायची कातर. कातर आहे म्हटल्यावर आई नाही कशी म्हणेल?

धाकटीनं आईची उजवी बोटं केसांच्या रुंद रबरबँडनं कंट्रोलरला बांधली. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्या बोटाखालचं बटण दाबलं की कातर मिटते. तूर्तास ते बटणही आई डावा हात पलीकडे नेऊन दाबणार होती.

पडद्यावर दोन ओळी आल्या: नवा डाव, पुढे चालू.

"नवा डाव घे," धाकटी म्हणाली. आईनं तोवर दुसरंच दाबलं होतं.

"अगं आई, तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे! अर्धवट सोडलेला."

"अर्धवट आहे म्हणूनच ना? अर्धं कापलेलं डोकं खुर्चीत बसवून दुसरं घेतलंय का मी कधी? समोरच्या सलूनवाल्याला चक्कर आली होती तेव्हा त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानं रस्ता ओलांडून आलं होतं माझ्याकडे, आठवतं ना? सुरू कुणी का केलेलं असेना. आधी ते पुरं करायचं."

पडदा काळा होता. मग एक अंधारा बोळ दिसला, टोकाला हिरवा दिवा. मोज्यातला हात खालून सावकाश वर आला.

"बघ," आई म्हणाली. "बसून होती बिचारी."

आईला खेळ लागला. अहो, लागला म्हणजे काय, जेवायला हाका माराव्या लागायला लागल्या! "थांब गं, एवढी खोली उजळू दे." औषधवाला तिसऱ्यांदा आला, तर त्याला उभ्या उभ्या सांगितलं, "मी कामात आहे." धाकटी दुकानात मालकासमोर मान ताठ करून फिरली.

एका दुपारी ती आईच्या शेजारी बसून शेंगा सोलत होती. पडद्यावर तारांचा जुडगा आला. मोज्यातल्या हातानं कातर वर धरली आणि तार कापण्याआधी ती हवेत दोनदा चालवली.

टिक-टिक.

धाकटीची शेंग हातातच राहिली. "हे काय दाबलंस?"

"मी? माझं बोट हलतंय कुठे?"

धाकटी काही भुताखेतांना मानणारी नव्हती. खेळातली माणसं उभी असली की काही ना काही चाळा करतातच. कुणी डोकं खाजवतं, कुणी पाय आपटतं. आपल्या नजरेतून सुटलं असेल. तरी दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातली दुसरी प्रत लावली आणि त्याच तारांसमोर उभी राहिली. हात जागचा हलला नाही. ती इतका वेळ बघत बसली, की मालक म्हणाला, "विकायचाय तो, की त्याच्याशी लग्न करायचंय?"

मग आई एका अशा दारातून आत गेली, जिथे धाकटीच्या आठवणीप्रमाणे नुसती भिंत होती. आत गोल खोली. मधोमध उंच खुर्ची, पाय ठेवायच्या दांडीसकट. समोर मोठी काळी काच. खुर्चीच्या पाठीवर एक पांढरं कापड घडी करून ठेवलेलं.

"अगंबाई, यांच्याकडेही सलून असतं!" आई हरखली.

वेगळी आवृत्ती असेल, धाकटीनं स्वतःला बजावलं. असतात अशा.

आणि त्याच संध्याकाळी व्यायामाच्या बाई किंचाळल्या. "काकू! परत करा! आत्ता केलंत ते परत करा!"

आईच्या उजव्या हाताचं पहिलं बोट हललं होतं. अगदी थोडं. आईनं पुन्हा हलवलं. बाईंनी तिला मिठी मारली, धाकटी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली आणि तोंड धुऊन हसत बाहेर आली. मग दुसरं बोट आलं. मग अंगठा. आई चमचा धरायला लागली, दार लोटायला लागली, धाकटीच्या पाठीत धपाटा घालायला लागली. तो धपाटा खाताना धाकटीला जेवढा आनंद झाला तेवढा कशानेच झाला नव्हता. फक्त हात थोडा गार होता. रक्त पोचायला वेळ लागतो, बाई म्हणाल्या.

पडद्यावर मात्र मोज्यातला हात जड व्हायला लागला. कातर उचलताना थरथरायचा. तारेपर्यंत जाताजाता खाली पडायचा.

"दमलीय गं ती," आई म्हणाली.

"डिस्कवर ओरखडे असतील."

धाकटीनं डिस्क काढून मऊ फडक्यानं पुसली, उजेडात धरून पाहिली. एकही ओरखडा नव्हता. खेळ इथेच थांबवावा, असं एकदा तिच्या मनात आलं. पण आई त्या वेळी उजव्या हातानं शर्टाचं बटण लावत होती. धाकटीनं ती डिस्क परत यंत्रात घातली. तुम्ही तरी दुसरं काय केलं असतं?

शेवट आला तो सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. खोलीत लख्ख ऊन. व्यायामाच्या बाईही मुद्दाम थांबल्या होत्या. सगळा तळ दिव्यांनी झगमगत होता. परतीचं यान समोर होतं. आई आत शिरली. आता फक्त दार ओढून घ्यायचं.

मोज्यातला हात वर आला नाही.

तो पडद्याच्या खालच्या कडेशी लोंबत राहिला. बोटं उघडी. कातर कुठेच नव्हती.

"ऊठ," आई म्हणाली. "ऊठ गं बाई. एवढंच राहिलंय."

हात हलला नाही.

आईनं रबरबँड ओढून काढला. उजव्या हातानं, स्वतःच्या, कंट्रोलर घट्ट धरला. बोटांची पेरं पांढरी पडली. कपाळावर घाम आला.

"आई, जाऊ दे."

"अर्धवट सोडायचं नसतं."

तिनं बटण दाबलं. पूर्ण ताकदीनं.

यानाचं दार आपटून बंद झालं. धडधड आवाज झाला, तळ मागे पडला, काचेबाहेर चांदण्या सरकायला लागल्या.

"जिंकले!" आई ओरडली आणि उजवी मूठ वर उगारली. मूठ! बाई नाचायला लागल्या. धाकटीनं आईला खुर्चीसकट कवटाळलं. रस्त्यावरून औषधवाल्यानं वर पाहिलं, तर आईनं त्याला उजव्या हातानंच टाटा केलं.

सलून उघडलं त्या दिवशी आत पाय ठेवायला जागा नव्हती. जुनी गिऱ्हाईकं वाढलेले केस घेऊन रांगेत उभी. समोरचा सलूनवाला स्वतः आला होता. पहिला मान लेकीचा. धाकटी खुर्चीत बसली, आईनं पांढरं कापड झटकून तिच्या गळ्याशी बांधलं, कात्री उचलली. धाकटी डोळे मिटून त्या आवाजाची वाट बघत होती.

कात्री सरळ केसांना लागली.

"आई," ती हळूच म्हणाली, "टिक-टिक नाही केलंस?"

"कसलं टिक-टिक?" आई हसली. "मान हलवू नकोस."

आरशात आईचा हात झपाझप चालत होता. पूर्वीपेक्षाही सफाईनं. एक केस इकडचा तिकडे नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई आनंदानं नुसती उजळली होती, आणि तिच्याकडे बघून धाकटीनंही टाळ्या वाजवल्या. मानेवर आईची बोटं टेकली, तिथे मात्र गार लागत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक आजोबा आले. आयुष्यात कधी खेळले नव्हते. अंतराळातलं काहीतरी, सोपं, पहिलं म्हणून चालेल असं हवं होतं. सगळ्यांनी धाकटीकडे बोट दाखवलं. तिचा हात सवयीनं त्याच डिस्ककडे गेला; आदल्या रात्री ती तिनं आठवणीनं परत आणली होती. या वेळी चूक नको, जुना डाव पुसून द्यावा, म्हणून तिनं ती यंत्रात घातली.

खेळ संपवला की 'पुढे चालू' ही ओळ निघून जाते. ती अजूनही पडद्यावर होती.

धाकटीनं ती दाबली.

यानाच्या आतला अंधार. छोटी गोल काच, तीत चांदण्या. त्या सरकत नव्हत्या. खालच्या कडेशी मोज्यातला हात नव्हता. काहीच नव्हतं. आजोबा तिच्या खांद्यावरून डोकावून बघत होते.

मग अंधारातून, अगदी जवळून, आवाज आला. टिक-टिक.

आजोबांनी आपोआप मान सरळ केली.