पाठीवरचा वर्ख

"पाच वाजता माझा पुतण्या संतोष वर्खवाल्या कल्लाप्पाला पोलिसांत देणार," लक्ष्मीदेवींनी पदराने डोळे टिपले. "त्याआधी खरं काय ते शोध, उल्का. माझं मन घेत नाही."

नंदूने घड्याळ पाहिलं. साडेतीन.

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या त्या दिवाणखान्यात दोन फ्रेंच खुर्च्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. नागमोडी पाय, माथ्यावर कोरलेला शिंपला, हातांवर वेली, आणि सगळीकडे सोन्याचा वर्ख. लक्ष्मीदेवींच्या सासऱ्यांनी म्हैसूरच्या एका लिलावात घेतलेल्या, दोनशे वर्षांच्या. त्यांवर कुणी बसायचं नाही असा बाईंचा सक्त हुकूम होता. गेल्या आठवड्यात मुंबईचा एक जाणकार आला, डावी खुर्ची अलीकडची नक्कल आहे म्हणाला, आणि खरी चोरीला गेली म्हणून घर ढवळून निघालं.

उल्का खाजगी तपास करी. तिचा मावसभाऊ नंदू पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आलेला. तो तिला स्कूटरवरून हिंडवी आणि हमखास भलत्याच माणसावर संशय घेई.

"नंदू, खुर्च्या पुढे ओढ."

उजवीची पाठ कोऱ्या लाकडाची निघाली. डावीची पाठही पुढच्या बाजूइतकीच झगझगत होती. उल्काने दोन्ही उलट्या केल्या. डावीच्या बैठकीखाली सागवानाच्या दोन जाड आडव्या पट्ट्या होत्या, उजवीला एकही नव्हती.

"पुतण्याच असणार," नंदू पुटपुटला.

पुतण्या संतोषकुमार वैतागलेलाच होता. "खुर्च्यांना हात लावतो तो एकटा कल्लाप्पा. दर दिवाळीला वर्ख तोच दुरुस्त करतो."

"खुर्च्या कधी नजरेआड होत्या?"

"एकदाच. सहा वर्षांपूर्वी काकू चार महिने पुण्याला होत्या, त्यांच्या मुलीच्या, रूपश्रीच्या बाळंतपणाला. तेव्हा काकांनी हॉलच्या रंगाचं काम काढलं, म्हणून खुर्च्या झाकल्या होत्या."

"काकांना घरकामाची हौस होती?"

"छे! उभ्या आयुष्यात खिळा ठोकला नाही त्यांनी." संतोषकुमारला हसू आलं. त्याने भिंतीवरच्या, हार घातलेल्या मुकुंदरावांच्या फोटोकडे बोट दाखवलं. "काका ऑटोत बसले की दुसरं कुणी मावत नसे."

कल्लाप्पा बाहेर पायरीवर बसला होता. चिकपेटेच्या बाजारात त्याचं दुकान. देवळांतल्या प्रभावळींना वर्ख चढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"खुर्ची चोरलीत?" उल्काने विचारलं.

"मी विकली नाही, अम्मा."

"मग खरी कुठे आहे?"

म्हाताऱ्याने दारातून फोटोकडे पाहिलं. "तेवढं नको विचारू. जेलला पाठवतात? सरी, बरं, पाठवू दे."

पावणेपाचला उल्काने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं.

"या खुर्च्या भिंतीला लावायच्या, म्हणून फ्रेंच कारागिराने पाठ कोरी ठेवली. नक्कल करणाऱ्याला ती ठेववली नाही. देवाच्या कामात कुठलीच बाजू कोरी न सोडणारा हात तो, पाठसुद्धा सोन्याने मढवली. नक्कल कल्लाप्पांचीच आहे. तेही ती नाकारत नाहीत, फक्त विकली नाही म्हणतात."

"मग झालं तर!" संतोषकुमार उठला.

"बसा. चोराला खुर्ची नुसती दिसायला हवी. बैठकीखाली तो पट्ट्या कशाला ठोकेल? इथे तर कुणी बसतच नाही. पट्ट्या ठोकणाऱ्याला ठाऊक होतं, कुणीतरी अंगाने भारी माणूस बसला होता आणि पुन्हा बसल्याशिवाय राहणार नव्हता. लक्ष्मीदेवी घरात नसताना, खिळाही न ठोकणाऱ्या माणसाने खुर्च्या झाकायला रंगाचं निमित्त केलं. खुर्ची मुकुंदरावांनी मोडली, कल्लाप्पांनी दुसरी घडवली."

सगळे कल्लाप्पाकडे बघू लागले.

"त्यांनी शपथ घातली होती," तो खाली मान घालून म्हणाला. "तुकडे माझ्याकडेच आहेत, अक्का. एकही टाकला नाही."

लक्ष्मीदेवींचा आवाज कापरा झाला. "मला एवढे घाबरत होते ते?"

"खूप, अक्का. रोज दुकानात यायचे. म्हणायचे, लक्ष्मीशिवाय घरात करमत नाही, आणि खुर्ची होईपर्यंत ती यायलाही नको. जेवण पण नीट जात नव्हतं."

लक्ष्मीदेवी हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. "वेडा माणूस! मी दोन दिवस बोलले नसते, एवढंच. इतक्या वर्षांत तेवढंही कळलं नाही?"

संतोषकुमारने पुढे होऊन कल्लाप्पाच्या पायाला हात लावला.

लक्ष्मीदेवींनी डोळे पुसले, नकली खुर्ची खोलीच्या मध्यावर ओढली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या. मग त्यांनी दुसऱ्या खुर्चीकडे बोट केलं.

"अण्णा, तुम्ही तिथे बसा."

"ती खरी आहे, अक्का! माझ्याने मोडली तर?"

"मोडली तर मोडली. तुम्ही आहात ना."