मागे बघायचं नाही

गाडीचा फोटो ठेव आता खिशात, पाहिला मी. रंग झकास आहे, सीटकव्हर झकास आहे, आणि तुझा गॅरेजवाला म्हणतो इंजिन उघडावं लागेल. म्हणजे घोडा उत्तम, फक्त चालत नाही. घ्यायची की नाही ते तू आणि तुझी बायको ठरवा, नवरा-बायकोच्या मधे पडायला मी काही खुळा नाही. पण जुन्या गाडीचा विषय निघालाच आहे आणि वीजही लवकर येईलसं दिसत नाही, तर एक सांगतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतलं त्यानंच सांगितलंय, माझ्या चष्म्याची काच बसवता बसवता, आणि सांगताना त्याच्या हातातला स्क्रू सारखा खाली पडत होता.

तर हा चष्मेवाला. भलताच सावध माणूस. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, ही स्पष्ट की ती? स्वतःला निवड करायची वेळ आली की मात्र घाम फुटायचा. साधी छत्री घ्यायला जायचा आणि बाजार पालथा घालून हात हलवत परत यायचा. बायको हसायची. घरात दोघंच, मूलबाळ नाही, त्यामुळे हसायला आणि रागवायला तिला हा एकच मिळालेला.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही शेजारच्या शहरात, आणि जागा मिळाली ती पहाटेच्या पहिल्या पाळीत. अंधारातच निघायचं. रिक्षा मिळाली तर मिळाली, नाहीतर बस. येताना ती इतकी गळून जायची की पुढच्या सीटच्या दांडीला कपाळ टेकवून ओकाऱ्या दाबत बसायची. एक दिवस घरी आली, दाराबाहेरच्या पायरीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून मी नाही जाणार. आजारानं मरेन तेव्हा मरेन, रस्त्यानं नाही मरायचं मला."

ती बोलेल ते करणारी बाई होती. डायलिसिस थांबलं की किती दिवस, हे डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलेलंच होतं. चष्मेवाल्याला त्या रात्री झोप लागली नाही. बायको जाणार या विचारानं तो उशीत तोंड घालून रडला, हेही त्यानंच मला सांगितलं. सकाळी उठून तो गाडी शोधायला लागला. नवी त्याच्या ऐपतीबाहेरची. जुनीच हवी, आणि मागणी एकच, मागच्या सीटवर तिला आडवं होता आलं पाहिजे.

गावाबाहेर एका शिंप्याच्या शेडमधे एक मिळाली. लांबरुंद, जुन्या घडणीची, मागची सीट एखाद्या पलंगासारखी. बाकी सगळा आनंद. त्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं आणि मानच हलवली. इंजिनचं काम निघणार, मागचे शॉकअप गेलेले, टेम्परेचरचा काटा मेलेला, आतल्या आरशाची नुसती दांडी शिल्लक. पण पत्रा शाबूत आहे, म्हणाला, तेव्हा नाही म्हणण्याआधी एकदा चालवून बघू. आणि बघायचं तर रात्री, कारण दिवसा रस्त्याच्या गोंगाटात गाडीचं दुखणं ऐकू येत नाही.

फेब्रुवारीतला दुसरा बुधवार. रात्री साडेदहाची वेळ, थंडी अजून सरलेली नव्हती. शिंप्यानं किल्ली दिली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. गॅरेजवाल्यानं चष्मेवाल्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि आपली पद्धत समजावून सांगितली.

"मी मागे बसतो, सीटला कान लावून. तुम्ही बोलायचं नाही आणि मागे बघायचं नाही. मान वळली की पाय हलतो, पाय हलला की आवाज बदलतो. खांद्यावर एकदा थोपटलं की हळू. दोनदा थोपटलं की थांबा."

चष्मेवाल्यानं मान डोलावली. मागचं दार उघडलं, सीटवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला, दार लागलं. मग क्षणभरानं गाडी मागून किंचित खाली बसली, जड माणूस टेकल्यावर बसते तशी. चष्मेवाल्यानं गिअर टाकला आणि निघाला.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना काळोखी शेतं, मधूनच एखाद्या गोदामाची भिंत. गाडी कण्हत होती, मागून खडखड येत होती, पण पळत होती. चष्मेवाल्याच्या मनात हिशेब सुरू झाला. एवढा खर्च झेपेल का? हिचे पाय पुरतील ना सीटवर? कालव्याजवळचं वळण आलं आणि खांद्यावर हात पडला. एकदा. हळूच.

त्यानं वेग कमी केला.

गॅरेजवाल्याचा हात म्हणजे लोखंडाची फळी. हा मऊ वाटला. पण शर्टावर स्वेटर, स्वेटरवर मफलर, त्यातून काय कळणार म्हणून त्यानं तो विचार सोडून दिला. पुढे चढ लागला. पुन्हा एकदा थोपटलं. त्यानं आणखी हळू घेतलं. आता खडखडही थांबली होती. गाडीत इतकी शांतता होती की त्याला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

मग दोनदा.

तो थांबला. इंजिन बंद केलं. पुढे रस्त्यावर काही नव्हतं. मागेही काही नव्हतं.

त्यानं विचारलं, काय झालं?



बोलायचं नाही असं ठरलंय, हे आठवून तो गप्प बसला. खांद्यावरचा हात मात्र उचलला गेला नव्हता. तिथेच होता. टेकलेला.

खिशातला फोन वाजला.

गॅरेजवाला होता. "अहो, आहात कुठे तुम्ही? मी हत्यारांची पिशवी मागे ठेवली, दार लावलं, टॉर्च विसरला म्हणून शेडमधे गेलो. येऊन बघतो तर गाडीच नाही."

चष्मेवाल्याला ऐकू आलं. कळलंही.

"ऐकताय ना? हॅलो?"

खांद्यावर हात होता.

"चढावर..." एवढंच तो म्हणाला.

"तिथेच थांबा. मोटारसायकलवर येतो मी."

फोन बंद झाला.

तो बसून राहिला. दार उघडून पळावं, तर खांद्यावर तो हात. मागे बघावं... नाही. मागे बघायचं नाही. श्वास घ्यायचा. सोडायचा. घ्यायचा. आणि त्याच्या लक्षात आलं की खांद्यावरचा हात त्याच तालात हलतोय. वर. खाली. लहान मूल घाबरलं की त्याला थोपटतात... तसा.

किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नाही. चढाखालून मोटारसायकलचा दिवा दिसला. उजेड काचेवर आला. आणि गाडी मागून किंचित वर उचलली गेली.

गॅरेजवाल्यानं आधी चार शब्द सुनावले, मग बॉनेट उघडलं. वाफेचा लोट आला. पाणी पार संपलेलं. वेळेवर थांबलात, तो म्हणाला, आणखी जरा पुढे गेला असतात तर इंजिन जागेवर जाम झालं असतं आणि गाडी भंगारातच घालावी लागली असती. आता काम करून उभी राहील. तुम्हाला कळलं कसं थांबायचं ते?

चष्मेवाला म्हणाला, असंच. अंदाजानं.

दुसऱ्या दिवशी तो शिंप्याकडे किल्ली परत करायला गेला. घ्यायची नाही, हे ठरवूनच गेला होता. शिंपी मशीनवर काम करत होता, मान वर न करता त्यानं विचारलं, मागे कोण बसणार होतं? चष्मेवाल्यानं सगळं सांगितलं, बायकोचं दुखणं, पहाटेची पाळी, तिचं ते पायरीवरचं बोलणं. शिंप्याचा पाय मशीनवर थांबला. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत एक बाई शाळकरी मुलीला कुशीत घेऊन बसली होती, तिकडे त्यानं एकदा पाहिलं.

"मग घेऊन जा," तो म्हणाला. "मागे कुणी बसलं की गाडी शांत असते."

आता गॅरेजवाल्याला विचारशील तर तो म्हणेल, बरोबर आहे, शॉकअप गेलेल्या गाडीत मागे वजन पडलं की खडखड थांबते. चष्मेवाल्यानं स्वतःची हीच समजूत घातली. खरं तर घातली गेली नाही. दोन दिवस तो दुकानात काचा पुसत बसला, आणि ज्या माणसाला छत्री निवडता येत नव्हती त्यानं तिसऱ्या दिवशी गाडी घेतली. मला म्हणाला, मला भूत परवडलं, महिनाअखेर नाही परवडली. बायकोला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. त्याची त्याला लाज वाटत होती, पण सांगितलं असतं तर ती गाडीत बसली नसती, आणि गाडीत बसली नसती तर कुठेच गेली नसती.

इंजिन उतरवलं, भरलं, पुन्हा चढवलं. शॉकअप नवे पडले. गॅरेजवाला रोज रात्री शटर ओढून घरी जायचा, त्याला कधी काही जाणवलं नाही. आणि महिना संपायच्या आत, एका पहाटे, गाडी चष्मेवाल्याच्या दारात उभी राहिली.

बायको बाहेर आली तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रिया झालेला हात वर होत नव्हता, म्हणून केस तसेच मोकळे सोडलेले, तोंडावर आलेले. तरी सीट बघून ती खूश झाली. उशी घेऊन आडवी झाली, पाय लांब केले आणि म्हणाली, पुरतात की हो. गावाची वेस ओलांडायच्या आधीच तिला झोप लागली.

नव्या शॉकअपची गाडी. नवं इंजिन म्हण ना. आवाज म्हणून नाही.

कालव्याचं वळण गेलं. चढ गेला. त्याचा खांदा नुसता ताठ झाला होता. पण कुणी हात ठेवला नाही. त्याला वाटलं, गेलं. नव्या कामाबरोबर निघून गेलं असेल.

मग मागून आवाज आला.

थप... थप... थप...

हळू. मऊ कापडावर हात पडतो तसा.

त्यानं हाक मारली. झोपलीस का गं?

तिचा श्वास ऐकू येत होता. गाढ. संथ.

थप... थप...

आता ऐक. दिवसभर लोकांना नीट बघायला लावणारा हा माणूस. मान थोडी वळवली असती तर दिसलं असतं. नाही वळवली. मला म्हणाला, भीती होतीच, पण भीतीनं नाही. दिसलं असतं तर गाडी थांबवावी लागली असती. गाडी थांबली की तिचं जाणं थांबलं. म्हणून मी बघितलंच नाही.

थोपटणं थांबलं. मग दुसरंच काहीतरी सुरू झालं. सळसळ. थांबे... पुन्हा सळसळ. हलके हलके. ते काय असावं हे त्याच्या ध्यानातच येईना. तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सरळ पुढे बघत राहिला. शहराचे दिवे दिसायला लागले तशी ती सळसळ थांबली.

हॉस्पिटलच्या दारात त्यानं गाडी उभी केली. खाली उतरला. जमिनीकडे बघत मागचं दार उघडलं, हात पुढे केला आणि तिला उतरवून घेतलं. पोर्चमधल्या ट्यूबलाइटखाली ती उभी राहिली तेव्हा कुठे त्यानं मान वर केली.

तिचा चेहरा स्वच्छ होता. तोंडावर एक केस नव्हता. मधोमध भांग. दोन्ही कानांमागे दोन घट्ट वेण्या, शाळेत जाणाऱ्या मुलीच्या असतात तशा, वर दुमडून बांधलेल्या.

तिचा बरा हात डोक्याकडे गेला. एक वेणी चाचपली. मग दुसरी.

"कुणी घातल्या?"

त्यानं मागचं दार लावून घेतलं.

"तुम्ही?"

"...हो."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं गाडीकडे पाहिलं.

"परत जातानाही मी मागेच झोपेन," ती म्हणाली, आणि आत गेली.

वेण्यांना निळ्या रिबिनी होत्या. धुऊन धुऊन विटलेल्या, कुणीतरी रोज वापरत असावं अशा.